स्टुटगार्ट ते पॅरिस, व्हाया निडी

आमच्या निडीच्या पुढचे स्टेशन रोहा. दिव्याहून पनवेल, पेण, नागोठणे करीत येणारी पॅसेंजर तिथे थांबते आणि माघारी फिरते. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र तशाच पुढे कोलाड, माणगाव करीत गोव्याकडे, मंगळूरकडे निघून जातात. या रोह्याला एक सीमा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. संस्था वेगळी, हिशेब वेगळे, अधिकारी वेगळे. पण गाडीत बसलेल्या माणसाला त्यातले काही म्हणजे काही जाणवत नाही. त्याचे तिकीट तेच असते, जागा तीच असते आणि शेजाऱ्याशी रंगलेल्या गप्पाही त्याच असतात.

युरोपात आगगाडीने एका देशातून दुसऱ्या देशात जाणे आता पुष्कळसे असेच झाले आहे. गेले चार महिने मी आणि आमचे 'हे' जर्मनीतल्या स्टुटगार्टहून फ्रान्सच्या राजधानीला, पॅरिसला, रेल्वेने जाण्याचा बेत आखतो आहोत. प्रवास अजून व्हायचा आहे. तो येत्या सप्टेंबरात आहे. पण बेत आखता आखता जे कळले, तेच सांगण्यासारखे वाटले. कारण हल्ली पेण-रोह्याच्या बाजूला एक घर सोडले की दुसऱ्या घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी असते. आईवडील एकदा तरी तिकडे जाऊन येतात. जातात म्हणजे काय, तर नेले जातात आणि आणले जातात. विमानतळावर सोडायला माणूस, उतरून घ्यायला माणूस, फिरवायला माणूस. सामानाच्या बॅगेत आणि आपल्यात फरक एवढाच की बॅगेला चाके असतात!

या वेळी आम्हाला तसे जाऊन चालणार नव्हते. त्याला कारण आमची ताई.

एका रात्रीची भेट

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आता चौऱ्याहत्तर पूर्ण केली आहेत. मुलाकडे पॅरिसच्या उपनगरात राहते. तिची मूत्रपिंडे थकल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस तिला डायलिसिससाठी इस्पितळात जावे लागते. साहजिकच तिचे भारतात येणे बंद झाले. आम्हा दोघी बहिणींची गाठ पडून नऊ वर्षे झाली. फोनवर चेहरा दिसतो, बोलणे होते, पण हातात हात घेता येत नाही.

आमची मुलगी स्टुटगार्टला नोकरी करते. तिच्याकडे सहा-सात आठवडे जायचे ठरले, तेव्हा तिने मोठ्या मनाने सुचवले, "आई, आम्ही तुम्हाला मोटारीने मावशीकडे नेतो. शनिवारी सकाळी निघू, रविवारी संध्याकाळी परत." तिला आणि जावयांना सुट्टीच तेवढी होती. नऊ वर्षांनंतर एक रात्र! मी काही बोलले नाही. हेच म्हणाले, "मग आम्ही दोघंच रेल्वेनं जाऊ आणि आठवडाभर राहू."

लेक घाबरली. "बाबा, तुमचा गुडघा दुखतो. तुम्हाला दोघांनाही तिकडची भाषा येत नाही. मध्येच कुठे चुकलात तर?"

"दिव्याला गाडी बदलताना कुठली भाषा लागते गं?" हे म्हणाले, "गाडीचा नंबर, फलाट आणि वेळ. आकडे तर सगळीकडे सारखेच."

वाक्य गमतीचे असले तरी त्यात तथ्य होते. मी सव्वीस वर्षे रोह्याच्या शाळेत शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे याच पॅसेंजरने ये-जा केली. आमच्याकडे दर दहा मिनिटांनी लोकल येत नाही. एक गाडी गेली की पुढची काही तासांनी. त्यामुळे निडी, कासू, नागोठणे अशा छोट्या स्टेशनांवरच्या माणसाला वेळापत्रक पाठ असते, पुढच्या गाडीचे गणित डोक्यात असते आणि 'हुकली तर काय' याचा विचार घरातून निघतानाच झालेला असतो. प्रवासाचा बेत आखायला याहून मोठी विद्या लागत नाही. मुलीला मी एवढेच म्हटले, "तू दोन महिने आम्हाला काही सांगू नकोस. आम्ही सगळं कागदावर मांडून तुला दाखवतो. तुला पटलं तर जाऊ."

जुनाच रस्ता

नकाशा उघडला आणि लक्षात आले की हा रस्ता फार जुना आहे. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी सुप्रसिद्ध ओरिएंट एक्स्प्रेस पॅरिसहून पहिल्यांदा निघाली, ती ज्या स्टेशनातून निघाली त्याचे आजचे नाव गार द लेस्त, म्हणजे 'पूर्वेचे स्टेशन'. स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरूह, स्टुटगार्ट, म्युनिक, व्हिएन्ना करीत ती पूर्वेकडे जाई. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९३४ सालच्या कादंबरीत खून होतो तो मात्र दुसऱ्या, इटलीतून जाणाऱ्या मार्गावरच्या गाडीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या बेताची वार्ता ऐकून शेजारच्या वहिनींनी पहिली चौकशी तीच केली होती!

स्टुटगार्ट हे नावही महाराष्ट्राला परके नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये मादाम कामांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा ध्वज आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकावला, तो याच शहरात. तो ध्वज पुढे आपल्याकडे आला आणि पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयात जपून ठेवला गेला. १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरे आहेत. नाशिकच्या कितीतरी घरांची चूल ज्या बॉश कारखान्यावर पेटली, त्या कंपनीचे मूळ गावही हेच.

आणि म्हातारपणी एकट्यादुकट्याने युरोपात फिरण्याची भीती वाटलीच, तर आपल्या कोकणच्या एका थोर पुरुषाचे स्मरण करावे. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आपल्या महिला विद्यापीठाची माहिती जगाला द्यायला बाहेर पडले. इंग्लंड झाले, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाची शिक्षण परिषद झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये ते डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या परिषदेला हजर होते. जिनिव्हा आणि एल्सिनोर यांच्या मधे अख्खा जर्मनी पसरलेला आहे. खिशात फोन नाही, प्रत्येक देशाचे नाणे वेगळे, प्रत्येक सीमेवर तपासणी वेगळी. त्यांच्यापुढे आमचा सव्वातीन तासांचा प्रवास म्हणजे निडीहून पनवेलला जाण्यासारखाच म्हणायचा!

या वाटेवरचे सर्वांत बोलके गाव स्ट्रासबुर्ग. ऱ्हाइन नदीच्या अलीकडे जर्मनीचे केल, पलीकडे फ्रान्सचे स्ट्रासबुर्ग. १८७१ साली हे शहर फ्रान्सकडून जर्मनीकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर १९१८ साली परत फ्रान्सकडे, १९४० साली पुन्हा जर्मनीच्या ताब्यात आणि १९४४ साली पुन्हा फ्रान्सकडे. पाऊणशे वर्षांत चार वेळा! शंभरीच्या घरात पोहोचलेल्या एखाद्या आजीने उंबरठा न ओलांडता चार वेळा देश बदलला असेल. त्याच नदीवरून २०१७ पासून स्ट्रासबुर्गची साधी ट्राम केलला जाते. लोक भाजी आणायला, दात दाखवायला या देशातून त्या देशात जातात.

हे झाले शेंगेन करारामुळे. लक्झेम्बर्गमधल्या शेंगेन नावाच्या लहानशा गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी सह्या केल्या. आपापसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचा हा करार २६ मार्च १९९५ पासून प्रत्यक्षात आला. पुढे एकेक देश त्यात येत गेला. २००२ साली युरोच्या नोटा आल्या आणि या वाटेवर मार्क देऊन फ्रँक घेण्याचीही कटकट संपली.

खरी सीमा मुंबईत

मग सीमा गेली कुठे? ती ऱ्हाइनच्या काठावरून उठून आपल्याकडे आली. आपल्यासारख्यांसाठी खरी सीमा आता मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्राच्या खिडकीपाशी आहे. रेल्वेच्या तिकिटाआधी तिचा विचार करावा लागतो.

शेंगेन व्हिसा एकच असतो आणि तो सर्व सभासद देशांत चालतो. पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याला नियम आहे. जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे प्रथम पाऊल ठेवणार त्या देशाकडे. आमचे सहा आठवडे जर्मनीत आणि एक आठवडा फ्रान्समध्ये; तेव्हा अर्ज जर्मनीकडे. पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून आम्ही चांगले तीन महिने हाताशी ठेवले. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले. अर्ज केंद्राचा आकार वेगळा.

आजारपणाचा विमा लागतो, निदान ३०,००० युरोंचा, आणि तो सर्व शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो. नुसता 'जर्मनीसाठी' काढला, तर पॅरिसच्या आठवड्याचे काय, असा प्रश्न येतो. मुलीने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन आमच्या खर्चाची हमी देणारे सरकारी पत्र आणले. भाच्याने आपला पत्ता देऊन आमंत्रणाचे पत्र पाठवले. अर्जासोबतच्या पत्रात पॅरिसचा आठवडा स्पष्टपणे लिहिला, कारण, ते काही लपवून ठेवण्याजोगे काम नव्हे. बहिणीला भेटायला जाणे याहून सरळ कारण कोणते?

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्टुटगार्टहून पॅरिसला गेलो तर आपण शेंगेनच्या बाहेर पडत नाही. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असला तरी चालतो. पण पॅरिसपर्यंत आलोच आहोत तर लंडनही करू, असे कोणाच्या मनात आले, तर प्रकरण निराळे. समुद्राखालच्या बोगद्यातून १९९४ पासून गाड्या धावतात, दोन-सव्वादोन तासांत लंडन येते हे खरे. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, पासपोर्टाची तपासणी पॅरिसच्या स्टेशनातच गाडीत चढण्यापूर्वी. आणि परत यायचे तर शेंगेनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. नकाशावर शेजारी दिसणारी दोन शहरे कागदावर किती दूर असू शकतात ते इथे कळते.

आणखी एक. तपासणी उठली म्हणून पासपोर्ट घरी ठेवून निघायचे नाही. सुरक्षेच्या कारणाने देश मधूनमधून तपासणी पुन्हा लावतात. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर ती पुन्हा सुरू केली. पोलीस गाडीत येऊन पासपोर्ट पाहू शकतात. तो दाखवायचा, ते बघतात, पुढे जातात. घाबरण्याचे काही कारण नाही, पण पासपोर्ट खिशात हवा.

वेळापत्रकाचा अभ्यास

व्हिसा हातात पडल्यावर आम्ही गाडीकडे वळलो. पूर्वी युरोपात रेल्वेने फिरणारे लोक थॉमस कुकचे जाडजूड वेळापत्रक घेऊन फिरत. १८७३ पासून निघणारे ते पुस्तक २०१३ साली बंद झाले. २०१४ पासून ते स्वतंत्रपणे पुन्हा निघू लागले. आम्ही मात्र फोनवर जर्मन आणि फ्रेंच रेल्वेची वेळापत्रके पाहून वहीत उतरवून घेतली. ह्यांची सवय जुनी. वहीत उतरवले नाही तर त्यांना ते खरे वाटत नाही.

कोकण रेल्वेचे जसे पावसाळी वेळापत्रक असते, तसे युरोपातल्या सर्व रेल्वेंचे वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलते. शिवाय जर्मनीत रुळांची कामे सतत चालू असतात. म्हणून वहीतली वेळ प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा ताडून पाहायची, असे आम्ही समासात लाल शाईने लिहून ठेवले आहे.

स्टुटगार्ट ते पॅरिस अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. थेट गाडी ते सव्वातीन तासांच्या आसपास कापते. दिवसातून अशा थेट गाड्या मोजक्याच. बाकीच्या वेळी कार्ल्सरूहला किंवा स्ट्रासबुर्गला गाडी बदलावी लागते. बदलून जाणारी काही वेळा स्वस्त मिळते, पण ह्यांचा गुडघा आणि दोन बॅगा यांचा विचार करून आम्ही थेट गाडीच धरली. ज्यांना गाडी बदलायची आहे, त्यांनी दोन तुकड्यांची दोन तिकिटे न काढता सबंध प्रवासाचे एकच तिकीट काढावे. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी हुकली, तर एका तिकिटावर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन वेगळ्या तिकिटांवर ती आपली.

वाराही विचार करून धरला. ताईचे सोमवार, बुधवार, शुक्रवार इस्पितळाचे. आम्ही बुधवारी पोहोचलो, तर ती थकून पडलेली असणार. शनिवार-रविवारी तिकिटे महाग. म्हणून जाणे मंगळवारी सकाळी आणि परतणेही पुढच्या मंगळवारी. म्हणजे गुरुवार, शनिवार, रविवार असे तीन सबंध दिवस तिचे आणि माझे. शिवाय दोन्ही मंगळवारचा अर्धा अर्धा. शेवटची गाडी कधीच धरायची नाही, हा निडीचा नियम तिथेही लावला. सकाळची गाडी काही कारणाने गेली, तर दिवसात पुढची असते.

तिकिटाची पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. तिकडे ते काही महिने आधीच खुले होते. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, तत्काळ नाही, चार्ट लागण्याची वाट पाहणे नाही. पण भाडे मात्र विमानासारखे चढत जाते. आधी घेणाऱ्याला स्वस्त, आयत्या वेळी येणाऱ्याला दुप्पट-तिप्पट. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते. ती सोडून दुसरीत बसता येत नाही. जर्मनीच्या आतल्या गाड्यांत जागा राखून ठेवण्याची सक्ती नसते, पण फ्रान्सला जाणाऱ्या या वेगवान गाड्यांत ती आहे. तिकिटावरचे नाव पासपोर्टाबरहुकूम घातले. आम्ही सर्वांत स्वस्त न घेता, थोडे जास्त देऊन बदलता येईल असे तिकीट घेतले. ताईच्या प्रकृतीचा भरवसा नाही. तारीख पुढेमागे करावी लागली, तर पैसे वाया जायला नकोत.

सामान, जिना आणि पाट्या

या मार्गावर फ्रान्सच्या दुमजली गाड्याही धावतात. वरच्या मजल्यावरून देखावा छान दिसतो म्हणतात, पण वर जायला अरुंद जिना. जागा निवडताना आम्ही खालचा मजला मागितला. ज्यांना चालण्याचा त्रास आहे, त्यांनी निदान २४ तास आधी कळवले, तर गाडीत चढण्या-उतरण्यासाठी मदतीचा माणूस विनामूल्य मिळतो. युरोपच्या नियमांनी प्रवाशाला दिलेला तो हक्क आहे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. तिकडे हमाल नसतात, तेव्हा जेवढे आपल्याला उचलेल तेवढेच सामान. फ्रेंच गाड्यांत माणशी दोन बॅगा आणि हातातली एक पिशवी, आणि प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी हवी.

नेण्याच्या जिनसांची यादी करताना पुन्हा सीमा आडवी आली. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे घरचे तूप नाही, पेढे नाहीत. ताजी फळे न्यायची तर सरकारी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूस हंगामात असता तरी बॅगेत नेता आला नसता. गंमत अशी की पाच फळांना या नियमातून सूट आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि चक्क आपला नारळ! पण सुक्या खोबऱ्याला विमानात बंदी असते, म्हणून नारळाचे विमान कंपनीला विचारूनच ठरवायचे. मी पेणचे पोह्याचे पापड, कोकम आणि कैरीचे लोणचे घेतले आहे. हे सारे नियम पहिल्या विमानतळावर लागू होतात. तिथून एकदा सुटलो की ऱ्हाइन ओलांडताना पापडाची चौकशी कोणी करीत नाही.

भाषेची भीती आम्ही दहा शब्दांत मिटवली. जर्मनीत फलाटाला 'ग्लाइस' म्हणतात, गाडी सुटण्याला 'आबफार्ट' आणि येण्याला 'आनकुन्फ्ट'. सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता पिवळ्या कागदावर असतो, येणाऱ्यांचा पांढऱ्यावर. डब्याला जर्मन 'वागन' म्हणतात, फ्रेंच 'व्वात्यूर'. आणि फ्रेंचमध्ये फलाटाच्या रुळाला म्हणतात 'व्वा'! ह्यांना तो शब्द इतका आवडला की आता आमच्या स्टेशनावर गाडी कोणत्या फलाटावर येणार याची घोषणा झाली की ते पुटपुटतात, "व्वा, एक."

पॅरिसच्या स्टेशनात फलाटाचा आकडा गाडी सुटण्याच्या वीसेक मिनिटे आधी लागतो आणि दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. पळत जाऊन चालती गाडी पकडण्याची आपली विद्या तिथे उपयोगाची नाही. स्टुटगार्टचे मुख्य स्टेशन २०१० पासून नव्याने बांधायला घेतले, त्यामुळे तिथे फलाटापर्यंतची चाल लांब पडते. आदल्या रविवारी मुलीबरोबर जाऊन ती चाल मोजायची आणि त्यावर अर्धा तास धरायचा, असे ठरले आहे.

गाडीच्या पोटात काय चालते त्याचीही ह्यांनी माहिती काढली. जर्मनीत तारेतली वीज १५,००० व्होल्टची, फ्रान्सच्या वेगवान मार्गावर २५,००० ची. दोन्ही विजांवर चालणारी ही गाडी इंजिन न बदलता पुढे जाते. मुंबईच्या लोकलगाड्यांनी १,५०० व्होल्टवरून २५,००० वर जाताना मधली काही वर्षे दोन्ही विजा सांभाळल्याच की! स्ट्रासबुर्गच्या पुढे ही गाडी ताशी ३२० किलोमीटरपर्यंत वेग घेते. याच मार्गावर ३ एप्रिल २००७ रोजी चाचणीच्या एका फ्रेंच गाडीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला होता.

गाडीला उशीर झाला तर?

जर्मन म्हणजे वक्तशीर, अशी आपली समजूत. पण तिथल्या रेल्वेच्याच आकडेवारीनुसार २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर त्यांच्या हिशेबी वेळेवरच असतो. हे वाचून आम्हाला, खरे सांगायचे तर, थोडे घरच्यासारखे वाटले. फरक असा की एक तासाहून अधिक उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांहून अधिक झाला तर निम्मे भाडे परत मागता येते.

या सगळ्याचा मिळून एक कागद तयार झाला. वर गाडीचा क्रमांक, डबा, जागा. खाली मधली स्टेशने आणि त्यांच्या वेळा, म्हणजे कुठवर आलो ते कळेल. त्याखाली 'गाडी हुकली तर' म्हणून पुढच्या दोन गाड्या. मुलीचा, जावयांचा, भाच्याचा फोन. विम्याचा क्रमांक. ह्यांच्या औषधांची नावे. आणि सर्वांत शेवटी, जर्मन आणि फ्रेंचमध्ये एकच वाक्य: 'आम्ही पॅरिसला बहिणीकडे जात आहोत, कृपया मदत करा.' त्याच्या तीन प्रती केल्या. एक माझ्या पर्समध्ये, एक ह्यांच्या खिशात, एक मुलीकडे.

मुलीला तो फोनवर दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "आई, ऑफिसात आमचा प्रकल्प बंद पडू नये म्हणून आम्ही असाच कागद करतो." आणि लगेच, "पण पोहोचलात की पहिला फोन मला हं." तेवढे तिचे मागणे रास्तच होते.

मला या चार महिन्यांत एक गोष्ट फार प्रकर्षाने जाणवली. म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो पायांनी कमी आणि माहितीअभावी अधिक. मुले प्रेमानेच सारे करतात, पण त्यांच्या सुट्टीएवढीच मग आपली नाती उरतात. बहिणीची भेट एक रात्रीची होते, कारण लेकीला सोमवारी कामावर जायचे असते. यात दोष कुणाचाच नाही. पण आपण वही-पेन घेऊन बसलो, नियम नीट वाचले, विचारायला लाजलो नाही, तर त्या एका रात्रीचा आठवडा होऊ शकतो. युरोपातलीच गोष्ट कशाला, काशीला जायचे असो की नागपूरला पुतण्याकडे, हिशेब हाच.

परवा ताईचा फोन आला. तिला सगळा बेत सांगितला. शेंगेन, विमा, तीनशे वीसचा वेग, दुमजली गाडी, सगळे तिने ऐकून घेतले. मंगळवार असल्याने भाचा तिला चाकाच्या खुर्चीतून स्टेशनावर घेऊन येणार आहे. मग तिने तिला हवे होते तेवढेच विचारले, लहानपणी बाबा गावाहून यायचे तेव्हा आई विचारायची तसेच.

"अगं, डबा कितवा?"

"बारावा," मी म्हटले. "खालचा मजला."

"मग मी तिथंच थांबते," ताई म्हणाली.